डावीकडची पलटण

त्या दिवशी सकाळी आर्नल्डने अर्धीच दाढी केली होती आणि मी त्याला त्यावरून चांगलंच धारेवर धरलं.

"आरसा विकून खाल्लास का?" मी म्हटलं. "उजवा गाल कसा तुळतुळीत, आणि डावीकडे रान माजलंय."

"केलीय की पूर्ण," तो म्हणाला आणि टोस्टला लोणी लावत बसला.

लढाईच्या आठवड्यात हा माणूस असाच असतो. मोजे वेगवेगळ्या रंगांचे, स्वेटर उलटा. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये त्यांची लढाई होती. आमच्या हॅलिफॅक्समधली म्हातारी मंडळी लांबलचक टेबलावर हिरवं कापड अंथरतात, त्यावर बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई मांडतात, फासे टाकतात आणि नेपोलियनला नव्याने हरवतात. कधी जिंकवतातही. जन्मभर गालिच्याच्या गिरणीत सुतं ओढलेली ही माणसं, पण त्या टेबलाशी उभी राहिली की एकेक जण सरदार. मीही पंधराव्या वर्षी शाळा सोडून त्याच गिरणीत लागले, तेव्हा नेपोलियन कोण, कुठला, हे मला कुठल्या मास्तरने सांगितलं नाही. आर्नल्डने सांगितलं. मी भांडी घासत असताना, न विचारता.

त्याचे शिपाई नवे नसतात. नवे कुणीही आणतो, असं तो नाक वर करून म्हणतो. त्याला आपल्या तरुणपणी ओतलेले जुनेच हवे असतात. ते ओतणारा माणूस कधीच वारला, साचे झिजून गेले. आता जत्रेत बिस्किटांच्या डब्यात जे मिळतील ते. कुणाची संगीन मोडलेली, कुणाची मान वाकडी, कुणाच्या अंगावर कुठल्याशा पोराने थापलेला जाड लाल रंग. आर्नल्ड त्यांना औषधाच्या बरणीत भिजत घालतो, मऊ झालेला रंग टूथब्रशने घासून काढतो (ब्रश बहुतेक वेळा माझाच असतो), वाकलेल्याला चिमटीत धरून हळूच सरळ करतो, संगिनीच्या जागी टाचणी बसवतो. माझ्या गुडघ्यांची त्याने निम्मी जरी काळजी घेतली असती तर मी आज जिन्यावरून धावत गेले असते.

मग रंग. त्याची त्याला एक रीत आहे आणि ती मोडलेली मी कधी बघितली नाही. लांब फळीवर सगळी पलटण एका ओळीत डिंकाने चिकटवायची, तोंडं आपल्याकडे. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांचे निळे कोट. मग सगळ्यांचे पांढरे पट्टे, छातीवर आणि पाठीवरही. मग मिशा, आणि सगळ्यांत शेवटी डोळे. एक रंग हातात घेतला की शेवटच्या शिपायाला लागेपर्यंत ब्रश खाली ठेवायचा नाही. एकदा खाली किचनमध्ये तव्याने पेट घेतला आणि मी किंचाळले, तर हा वरून म्हणाला, थांब, अजून थोडे पट्टे राहिलेत. अशा माणसाशी मी संसार केला.

नाश्त्यानंतर तो मागच्या खोलीत गेला. नेपोलियनच्या जुन्या गार्डाची, म्हणजे त्याच्या खास अंगरक्षकांची, पलटण शनिवारी टेबलावर उतरवायची होती, निळं काम आदल्या दिवशीच झालं होतं. थोड्या वेळाने मी चहा आणि आल्याच्या केकचा तुकडा घेऊन वर गेले. तो खिडकीपाशी बसून ब्रश धुत होता.

"झाले," तो म्हणाला. "बघ, कसे दिसतात."

मी बघितलं.

उजवीकडचे सगळे झाले होते. पांढरे पट्टे, केसाळ उंच टोप्या, पिळदार मिशा, टाचणीच्या टोकाएवढे डोळे. डावीकडच्यांच्या अंगावर आदल्या दिवशीच्या निळ्या कोटाखेरीज काही नव्हतं. तोंडं नुसत्या शिशाची, करडी. आणि मधोमध जो शिपाई होता त्याला एकच डोळा होता. मिशी नाकाच्या एका बाजूला येऊन थांबली होती. छातीवरचा पट्टाही अर्ध्यात तुटला होता. जणू कुणी सुरीने वरून खालपर्यंत रेघ मारून सांगितलं होतं की या बाजूला जायचं नाही.

अर्ध्या दाढीला मी हसले होते, पण आर्नल्ड ओळ अर्धी सोडून ब्रश धुतो हे होऊच शकत नव्हतं.

"अरे, बाकीचे?" मी म्हटलं.

"कुठले बाकीचे? सगळे झाले." आवाज अगदी नेहमीचा, जरा फुशारकीचाच. "चहा आणलास की नुसतंच बघायला आलीस?"

चहा मी त्याच्या डाव्या कोपराशी ठेवला होता. त्यातून वाफ निघत होती.

"समोर आहे तुझ्या."

त्याने उजवीकडे बघितलं, खिडकीच्या कट्ट्यावर बघितलं, रंगाच्या डब्यांमागे बघितलं. "म्हातारी झालीस तू, बेरिल. आणलाच नाहीस."

मी कप उचलून त्याच्या उजव्या बाजूला ठेवला. "हां, हा बघ," तो म्हणाला आणि भुरका मारला.

मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. घाबरलेली बायको बघितली की आर्नल्ड हट्टाला पेटतो, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

खाली येऊन मी फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, तोंड वाकडं झालंय का, शब्द अडखळतात का. मी म्हटलं, तोंड सरळ आहे आणि बोलतो आहे, जरा जास्तच बोलतो आहे. पण त्याला डावीकडचं जग दिसत नाही. आणि त्याने ओळ अर्धी सोडली, मुली, तो ओळ अर्धी सोडणारा माणूस नाही. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. शेवटचा ठीक कधी होता, एवढंच तिने विचारलं. पहाटे, मी म्हटलं, मला अंथरुणात चहा आणून दिला तेव्हा. गाडी निघते आहे, ती म्हणाली, त्यांना एकटं सोडू नका.

तिचा आवाज शांत होता म्हणूनच मी जास्त घाबरले.

फोन ठेवते तोच दार वाजलं. ट्रेव्हर. आर्नल्डचा दोस्त आणि शनिवारचा शत्रू, इंग्रजांच्या बाजूचा. काखेत शिपायांचं खोकं. मला त्याला मिठी मारावीशी वाटली, जे मी आयुष्यात कधी केलं नसतं, कारण त्याला नेहमी टर्पेंटाइनचा वास येतो.

"वर चल," मी म्हटलं. "त्याला काहीतरी झालंय. ओळ बघ त्याची."

ट्रेव्हर वर गेला, फळीकडे वाकून बघितलं, आणि खो खो हसत सुटला.

"वा रे लबाडा," तो म्हणाला. "बेरिल, तू उगाच घाबरलीस. तुझा नवरा कोल्हा आहे. नवी रंगवलेली पलटण पहिल्या लढाईत पळ काढते, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. कितीही शूर असो, रंग ओला तोवर फासे उलटेच पडतात. म्हणून याने निम्मी तशीच ठेवली. पलटण नवी नाहीच, असं नशिबाला सांगायचं. काय रे, बरोबर ना?"

"कुठली निम्मी?" आर्नल्ड म्हणाला. "सगळी रंगवलीय."

"बघ, बघ, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही," ट्रेव्हर आणखी हसला. "आता उतरव अशी. नियमात कुठे लिहिलंय नाही म्हणून?"

"डोळे तपासून घे तू आधी."

"माझे? आणि हा एकडोळ्या कोण, आमच्या काण्या ॲडमिरल नेल्सनच्या गलबतावरून पळून आलाय का?"

दोघे शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांना टोचत होते आणि मी दारात उभी राहून रस्त्यावर गाडीचा आवाज येतो का ते ऐकत होते. ट्रेव्हर टेबलाशी आर्नल्डच्या डाव्या बाजूला उभा होता. आर्नल्ड बोलत होता त्याच्याशी, पण तोंड करून होता खिडकीकडे. ट्रेव्हरच्या ध्यानातही आलं नाही. ज्याला सगळ्यात डाव दिसतो त्याला मरणही डावच वाटणार.

"मी ॲम्ब्युलन्स बोलावलीय," मी म्हटलं.

हसणं थांबलं.

"कुणासाठी?" आर्नल्ड म्हणाला.

"तुझ्यासाठी."

"मी जाणार नाही." त्याने ब्रश पुसला आणि टोक ओठांत धरून नीट केलं. "स्टॅन्ली त्या हॉस्पिटलात आपल्या पायांनी चालत गेला. आला कसा, ते तू बघितलंयस. माझा भाऊ होता तो. मी शनिवारपर्यंत इथून हलणार नाही, आणि त्यानंतरही नाही."

मला माहीत होतं, तो जाणार नाही. त्याला धड बोलता येत होतं, आपलं नाव सांगता येत होतं. गाडीवाले आले, त्यांना हा म्हणाला की चालते व्हा, तर ते त्याला पोत्यासारखा उचलून थोडेच नेणार. आणि इकडे त्याच्या डोक्यात जे काही चाललं होतं ते चालूच राहणार. माझ्या घरात माझा शब्द शेवटचा असतो. लेकी, जावई, नातवंडं, सगळी उठून उभी राहतात. पण त्या क्षणी माझ्याजवळ असा एकही शब्द नव्हता जो त्या खुर्चीतून त्याला उठवेल.

शब्द नव्हता, म्हणून मी फळीला हात घातला.

"ए, रंग ओला आहे," तो ओरडला.

मी फळी दोन्ही हातांनी धरली आणि त्याच्यासमोर गर्रकन उलटी फिरवली. डावं टोक उजवीकडे, उजवं डावीकडे. शिपायांच्या पाठी त्याच्याकडे झाल्या.

आर्नल्ड बघत राहिला.

"हे कुठले?" तो म्हणाला. "यांना पट्टे नाहीत."

"तुझेच आहेत."

"माझे मी रंगवले. ते कुठे ठेवलेस?" त्याने उजव्या हाताने टेबल चाचपलं. "बेरिल, खेळ पुरे. रंगवलेले कुठे आहेत?"

ते त्याच्यासमोरच होते, त्याच फळीवर, वीतभर डावीकडे.

मी फळी पुन्हा फिरवली. पट्टेवाले परत आले. त्याचा चेहरा खुलला आणि तितक्यातच पडला, कारण आता बिनपट्ट्याचे नाहीसे झाले होते. मग त्याने स्वतः फळीचं टोक धरलं आणि फिरवली. थांबला. पुन्हा फिरवली. ट्रेव्हरच्या काखेतलं खोकं घसरलं आणि सगळी इंग्रज फौज जमिनीवर सांडली. वाकून उचलायचंही त्याला सुचलं नाही.

"माझं काहीतरी हरवलंय," आर्नल्ड म्हणाला. इतक्या बारीक आवाजात मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "बेरिल, तू कुठल्या बाजूला आहेस?"

मी उजवीकडे जाऊन उभी राहिले आणि त्याचा हात धरला.

"गाडी यायला किती वेळ?"

"येतेय."

"मला न विचारता बोलावलीस."

"लग्नही तुला विचारून ठरवलं नव्हतं," मी म्हटलं. "चल, बूट घाल."

त्याने उजवा बूट घातला आणि दाराकडे निघाला. डावा ट्रेव्हरने गुडघ्यांवर बसून घातला, नाडी बांधली आणि वर बघितलंच नाही.

हॉस्पिटलात त्याला चाकांच्या खाटेवरून आत नेलं आणि दार बंद झालं. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आहे, असं एक तरुण डॉक्टरीण सांगून गेली. औषध देतोय, वेळेत आलात, पण आता वाट बघायची. वाट बघणं म्हणजे काय ते त्या बाकावर कळलं. प्रत्येक वेळी दार उघडलं की मला स्टॅन्लीची बायको दिसायची, हातात त्याचं घड्याळ आणि टोपी घेऊन उभी असलेली. मी आर्नल्डची टोपी मुद्दाम घरी ठेवून आले होते.

"मी हसलो," ट्रेव्हर शेजारून म्हणाला. "तिथे उभा राहून हसलो."

"तू कशालाही हसतोस," मी म्हटलं. "नाक पूस. आणि तो बाहेर आला की त्याच्या उजवीकडे बस."

आर्नल्ड बाहेर आला. पण सगळा नाही आला. डावा हात अजून जडच उचलतो आणि डावीकडच्या जगाची त्याला आठवण करून द्यावी लागते. हॉस्पिटलातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी शिकवलं तसं मी फळीच्या दोन्ही टोकांना लाल सूत बांधलं आहे, फळी कशीही फिरवली तरी एक डावीकडे येतंच. डावीकडचं सूत दिसेपर्यंत मान वळवायची, मगच ब्रश खाली ठेवायचा. त्या शनिवारी हॉलमधल्या मंडळींनी ती पलटण तशीच अर्धवट उतरवली, त्याच्या मानासाठी. पहिल्याच गोळीबारात पळाली. नशिबाला काही फसवता आलं नाही, ट्रेव्हर म्हणाला, आणि आर्नल्ड खूप दिवसांनी हसला.

परत आलेल्या पलटणीला त्याने हळूहळू एकेक करून पट्टे दिले, मिशा दिल्या. मधला एकडोळ्या मात्र ठेवून दिला होता. आज सकाळी त्याने त्याचा दुसरा डोळा काढला, ब्रश धुतला आणि म्हणाला, "झाले."

मी दारातच उभी होते. चहाचा कप मुद्दाम डावीकडे ठेवला आणि फळीला हात घातला.

"फिरवू नको," तो म्हणाला. "रंग ओला आहे. झालेत म्हटलं ना सगळे."

रोज हेच म्हणतो. मी फिरवलीच. आणि शिपायांकडे न बघता त्याच्या डोळ्यांकडे बघत उभी राहिले, ते डावीकडच्या लाल सुतापर्यंत पोहोचेपर्यंत.