कुंडीतली पिल्लं

अनयच्या फ्रिस्कोतल्या अपार्टमेंटमध्ये सोफा यायच्या आधी फिश टँक आला. घटस्फोटानंतर आन्या एक वीकेंड सोडून एक त्याच्याकडे राहणार असं ठरलं होतं आणि आठ वर्षांच्या मुलीला त्या रिकाम्या घरात यावंसं वाटायला काहीतरी हवं होतं. दुकानात तिनेच सिक्लिड माशांच्या जोडीकडे बोट दाखवलं. मासे करंगळीएवढे, मादीचं पोट पिकल्या जांभळासारखं.

एका रविवारी सकाळी आन्या किंचाळली, "बाबा! शी इज ईटिंग देम!"

टँकमधल्या आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत मादीने अंडी घातली होती. ती फुटून पिल्लं वळवळत होती आणि त्यातलं एक मादीने चक्क तोंडात घेतलं होतं. दोघं श्वास रोखून बघत राहिले. मादी कुंडीमागे गेली, वाळूत उकरलेल्या खळग्यात तिने पिल्लू अलगद सोडलं आणि दुसरं न्यायला परत आली.

"खात नाहीये गं," अनय म्हणाला, "उचलून नेतेय. मांजर नेते ना, तसं."

पुढच्या आठवड्यात पिल्लं पोहायला लागली. अनय रोज संध्याकाळी फोन टँकसमोर धरायचा आणि पलीकडून आन्या सूचना द्यायची. सोड्याची बाटली उलटी टांगून मिठाच्या पाण्यात तो कोळंबीची बारीक अंडी उबवायचा आणि ते इवलाले जीव ड्रॉपरने टँकमध्ये सोडायचा. केशरी धूर पसरल्यासारखं दिसायचं. पिल्लांची पोटं केशरी झाली की आन्या टाळ्या वाजवायची. आपण कशात तरी बरे आहोत असं अनयला फार दिवसांनी वाटत होतं.

मग आन्याच्या आईचा, स्वानंदीचा, फोन आला. विमानाने चार तासांवरच्या सनीव्हेलची नोकरी तिने घेतली होती हे त्याला माहीत होतं, पण जायला अजून अवकाश होता.

"त्यांना मी लवकर हवीये," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी निघतोय आम्ही."

"आन्याची शाळा संपेपर्यंत थांबणार होतीस ना?"

"माझ्याही मनात नव्हतं रे असं."

"म्हणजे हा वीकेंड शेवटचा."

"शेवटचा काय म्हणतोस? सुट्टीत येईलच ना ती."

फोन ठेवून तो टँकसमोर येऊन बसला. पिल्लं कालच्यापेक्षा कमी दिसली. रोज थोडी कमी व्हायचीच, त्याने तसं वाचलंही होतं, पण त्या दिवशी त्याला ते सहन होईना. आन्या येईल तेव्हा एकही उरलं नाही तर? निदान निम्मी तरी सुरक्षित ठेवू, म्हणून त्याने प्लॅस्टिकचा टब भरला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि बारीक नळीने पिल्लं ओढून घ्यायला लागला. मादी त्याच्या बोटांवर तुटून पडली. नखाएवढंसं तोंड तिचं, पण ती चावत राहिली. "अगं, तुझ्यासाठीच करतोय," तो पुटपुटला आणि थांबला मात्र नाही.

सकाळी टबातलं पाणी गार पडलं होतं आणि पिल्लं तळाशी पांढुरकी होऊन पडली होती. टँकमध्ये नर मादीला कोपऱ्यातून कोपऱ्यात पिटाळत होता. खळगा रिकामा होता.

शुक्रवारी ऑफिसमधून तो थेट माशांच्या दुकानात गेला. तिथे दुसऱ्या एका जातीची पिल्लं होती, आन्याला फरक कळला नसता. काचेसमोर बराच वेळ उभा राहून तो रिकाम्या हाताने घरी आला.

आन्या बूट न काढताच टँककडे धावली. "व्हेअर आर दे?"

"गेली गं." तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "मी हात घातला. निम्मी बाजूला काढत होतो, ती मेली. उरलेली यांनी खाल्ली. घाबरले की असं करतात ते."

"स्केअर्ड ऑफ यू?"

"हो. मलाच घाबरले."

"पण ती करत होती ना सगळं! शी वॉज डूइंग इट, बाबा!" आन्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून बाहेर आली. बाटलीतली कोळंबीची अंडी फुटली होती, तिने ड्रॉपरने ते इवलाले जीव टँकमध्ये सोडले. मादी लगबगीने आली, पण तिने खाल्लं नाही. त्या केशरी ढगावर ती कल्ले हलवत उभी राहिली, नर जवळ आला तर त्याच्यावर धावून गेली.

"बाबा," आन्या हळूच म्हणाली, "शी थिंक्स दे आर हर बेबीज."

आणि मग ती रडली. अनयने तिला मांडीवर घेतलं. मांडीत मावत नव्हती ती आता.

रविवारी स्वानंदी न्यायला आली. आन्याने त्याला मिठी मारली, गाडीच्या खिडकीतून हात हलवला, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

मे महिन्यात मादीने पुन्हा अंडी घातली. अनयने या वेळी कशालाच हात लावला नाही. पिल्लं पोहायला लागली तसा त्याने घाईघाईने फोन लावला आणि टँकसमोर धरला.

"बघितलंस? कुंडीच्या डावीकडे बघ. बापही राखण करतोय बरं का."

"कूल, बाबा," आन्या म्हणाली. मागे कुणीतरी दार वाजवत होतं. अनय सांगत राहिला. बऱ्याच वेळाने त्याचं फोनकडे लक्ष गेलं. पडद्यावर नुसतं छत होतं आणि फिरणारा पंखा.

मग स्वानंदीचा चेहरा आला. "अनय, ती खाली खेळायला गेली रे. फोन पलंगावरच टाकलान."

"असू दे. खेळू दे तिला."

स्वानंदी पलंगावर बसली. "खूप आहेत का पिल्लं?"

"आहेत पुष्कळ."

"दाखव ना."

त्याने फोन काचेजवळ नेला. पलीकडे स्वानंदीही पडद्याजवळ सरकली.