स्नेहलने टाकलेली पट्टी

शिरूरच्या 'भीमातीर' केबल वाहिनीत प्रक्षेपणाच्या खोलीत पूर्वी चार मशिनं आणि तीन माणसं असायची. गेल्या दिवाळीत मालक इंद्रजीत यांनी ती सगळी मशिनं काढून एकच काळा डबा आणला. कार्यक्रमांची यादी, कोपऱ्यातला लोगो, खालून सरकणारी पट्टी, बाहेरचं लाइव्ह, सगळं त्या एकट्या डब्यातून जाऊ लागलं. मग माणूसही एकच पुरे झाला. रांजणगावच्या कंपनीतली शिफ्ट सोडून आलेली स्नेहल त्या जागी आली आणि अठरा वर्षं तिथं काढलेल्या तात्याबामामांसकट तिघांनाही घरी बसावं लागलं. पण दौंडला आपल्या घरी जाण्याआधी मामा महिनाभर रोज तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. डब्याची पुस्तिका त्यांनी तिच्याआधी वाचली होती.

ऑगस्टमधली सकाळ होती. वरच्या धरणांतून पाणी सोडलं होतं आणि भीमा फुगत चालली होती. वाहिनीवर मात्र तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस लाइव्ह चालू होता. इंद्रजीत स्वतः मांडवात होते. निघताना त्यांनी बजावलं होतं, "मध्ये काही घालू नकोस. माणूस मोठा आहे."

अकराच्या सुमारास फोन वाजला.

"मी वडगाव रासाईचा ज्योतिबा बोलतोय. नंबर टीव्हीवर बघितला म्हणून लावला. पलीकडं, राहू गावाच्या बाजूला, नदीतल्या उंचवट्यावर मेंढरं हायती आन् एक म्हातारा. पाणी चहूकडनं चाललंय. आम्ही हिकडनं बोंबलतोय, पण त्याला काय ऐकूच जात न्हाई."

"पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलं. पण ते येईस्तोवर उंचवटा ऱ्हाईल का? राहूत माझ्या वळखीचं कोण न्हाई. तुमचं चॅनेल तिकडं दिसतं ना?"

दिसत होतं. स्नेहलने पडद्याकडे पाहिलं. समोर पुढाऱ्याच्या गळ्यात हार पडत होता. मग तिला मामांचं बोलणं आठवलं. नुसता मजकूर भरायची रिकामी लाल पट्टी त्यांनी तयार करून ठेवली होती. ते म्हणाले होते, "पोरी, कवातरी घाई होईल, तवा रंग-अक्षर शोधत बसू नकोस."

तिने टाइप केलं. अर्ध्या मिनिटात पुढाऱ्याचं चित्र कोपऱ्यात गेलं आणि पडदाभर लाल पट्टी आली: राहुजवळ नदीत मेंढ्या व एक वृद्ध अडकले आहेत, जवळच्या लोकांनी तातडीने धावावं. खाली मोबाइल नंबर तिने स्वतःचाच दिला.

पहिला फोन इंद्रजीत यांचा. ते ओरडलेच. तिने सांगितलं ते ऐकून घेतलं, मग म्हणाले, "राहू दे तशीच. इथलं मी बघतो." आणि त्यांनी खरंच बघितलं. पुढाऱ्याच्या माणसांचे टोमणे त्यांनी एकट्याने खाल्ले, तिच्यापर्यंत एक शब्द येऊ दिला नाही.

तासाभराने बातमी आली. म्हातारा सुखरूप होता. दोन मेंढ्या वाहून गेल्या, बाकीचा कळप बाहेर निघाला.

आठ दिवसांनी एक बाई आणि कानामागे हात धरून ऐकणारे एक आबा जिना चढून आले. बाईचं नाव म्हाळसा, आबा तिचे सासरे कोंडिबा.

"भाकऱ्या थापत टीव्ही बघत हुते," म्हाळसा म्हणाली. "पट्टी आली आन् भाकर तव्यावरच टाकून उठले. आमचं आबाच तिकडं गेलं हुतं. भाऊबंद घेऊन, दोर घेऊन पळालो. पाणी छातीला लागलं हुतं, ताई."

कोंडिबांनी काळ्या डब्याकडे निरखून बघितलं आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "एवढ्याशा पेटीतनं पोचलं व्हय राहूला?" मग काखेतलं घोंगडं त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं. "माझ्याच मेंढरांची लोकर हाय. न्हाई म्हणू नगं, लेकी."

स्नेहल उठली. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

रविवारी ती दौंडला तात्याबामामांकडे गेली. सगळी हकिकत सांगून घोंगडं त्यांच्यापुढे ठेवलं. "हे तुमचं आहे, मामा. ती पट्टी तुम्ही केलेली होती."

मामांनी लोकरीवरून हात फिरवला. "तुला खरं सांगू? डबा आला तवा लई राग आला हुता. मनात आलं, पोरीला अर्धंच शिकवावं. अडली की मालक मला बोलवंल."

"मग?"

"पहिल्याच दिवशी तू वही-पेन घिऊन आलीस. मग लाज वाटली." त्यांनी घोंगडं परत तिच्याकडे सरकवलं. "हे तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. शुद्धलेखन तरी बरोबर लिवलं हुतंस का?"

"राहूचा उकार ऱ्हस्व पडला होता."

"अगं!" मामांनी कपाळावर हात मारला आणि आत चहाला सांगायला उठले.