जोडव्याचं बोट

जखम वाळवायची असते, भिजवायची नसते, एवढं साधं सुनेला कळू नये? त्रिवेणीनं सासूच्या पायाला गार, बुळबुळीत, साबुदाण्याच्या खिरीसारखी पट्टी चिकटवली आणि वर ऐकवलं, "आत्याबाई, तीन दिवस हात लावायचा न्हाई." गंगम्माला असं बजावणारं माणूस अख्ख्या ताडकळसात अजून जन्मायचं होतं!

चप्पल लागून जोडव्याचं बोट चिघळलं होतं आणि साखरेमुळं भरून येत नव्हतं. परभणीच्या डॉक्टरनं औषध भरलेल्या जेलच्या पट्ट्या दिल्या. महिन्यात फरक पडला नाही तर बोट काढावं लागेल, म्हणाले. नवरा खणखणीत असताना जोडव्याचं बोट जायचं?

म्हणून दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर तिनं पट्टीचं टोक उचललं आणि चिमूटभर विभूती आत सारली. कपाळाला चालते, मग बोटाला का नाही?

तिसऱ्या दिवशी त्रिवेणीनं पट्टी काढली, तर आत राखेचा चिखल.

"हे कुणी केलं?"

"महादेवानं."

"महादेवाला म्हणावं, तुमी कपाळ सांभाळा. बोट माझ्याकडं हाय."

ओसरीवर सासरे रेवणप्पा खो खो हसले. बायकोनं डोळे वटारले तसे पेपराआड गेले.

त्रिवेणीनं जखम धुऊन नवी पट्टी लावली. "आत्याबाई, आपण मोसंबीला ठिबक कशाला लावलं? भडाभडा पाणी सोडलं की वाहून जातं. ही पट्टी ठिबकच हाय. औषध पोटात धरून ठेवायली, जखमेला थोडं थोडं द्यायली. ओल ऱ्हायली की नवं मांस धरतं."

गंगम्माला पटलं. पटलं असं ती म्हणाली मात्र नाही. पण त्या दिवसापासून कपाळाची विभूती रेवणप्पांच्या हातून लावून घ्यायला लागली. स्वतःच्या हाताचा तिला भरवसा नव्हता.

महिन्यानं डॉक्टरनं बोट दाबून पाहिलं. जखमेच्या जागी कोवळी गुलाबी कातडी आली होती.

"आजी, कापायचं काम उरलं नाही. एवढी काळजी कुणी घेतली?"

गंगम्मानं सुनेचा दंड धरून तिला पुढं ओढलं आणि बाहेरच्या बाकड्यांवरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्रिवेणी, तू लय हेकट हायेस, तोंडाची फटकळ हायेस, माझं काडीचं ऐकत न्हाईस. दहा घरं हिंडून मीच तुला पसंत केली होती. माझी नजर चुकली न्हाई!"