दोन किलो

"दोन किलो भरले की पोर माझ्या ताब्यात आणि तू शिलाईच्या कारखान्यात," सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दिवस पुरे भरण्याआधीच जन्मलेली टीचभर पोर. दवाखान्याची नर्स दर गुरुवारी घरी यायची, पोरीला झोळीच्या काट्यावर टांगायची आणि सांगून जायची, "आईच्या उघड्या छातीशीच राहू दे हिला. तिथली ऊब कुठल्या यंत्रात नाही." नर्सच्या शब्दापुढे सासूबाईंचं काही चालत नसे. लग्न झाल्यापासून सुनेला अशी बसायची मुभा कोणी दिली नव्हती.

"बसली महाराणी अंडी उबवत!" सासूबाई भांडी आपटायच्या.

मागच्या गुरुवारी काटा अठराशे ऐंशीवर थांबला. "पुढच्या खेपेला दोन किलो. मग माझी फेरी बंद!" नर्स हसली. सुनेने पोरीला आणखी घट्ट छातीशी ओढलं.

या गुरुवारी पहाटेचं आणि सकाळचं, दोन्ही वेळचं दूध तिने वाटीत काढलं आणि मोरीत ओतलं. पोर रडली, मग थकून गप्प झाली. एकच आठवडा दे, ती देवाला विनवत राहिली.

काटा एकोणीसशे साठवर थांबला. तिचा जीव भांड्यात पडला.

नर्सने मात्र पोरीच्या तळपायावर टिचकी मारली. डोळे उघडले नाहीत. पुन्हा मारली.

"गार पडलीय. जंतुसंसर्ग असणार. परत काचेच्या पेटीत ठेवायला लागेल, सुया टोचायला लागतील." तिने फोन काढला.

"दूध नाही दिलं मी," सून पुटपुटली. "पहाटेपासून. वजन भरू नये म्हणून."

नर्सने फोन बाजूला ठेवला.

"दूध काढा. आत्ता," नर्स म्हणाली. चमच्याने थेंब थेंब पाजताना तिने सुनेकडे एकदाही पाहिलं नाही. अर्ध्या तासाने पोरीने डोळे उघडले. फोनवर डॉक्टरांना सगळं सांगून झाल्यावर नर्स वळली ती सासूबाईंकडे.

"आजी, ब्लाउजची बटणं काढा. आजपासून ही तुमच्या छातीशी. हिने वाटीत काढून दिलेलं दूध चमच्याने पाजायचंही तुम्हीच. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून आणा."

पोर त्या सुरकुतल्या कातडीला गाल लावून लगेच निवांत झोपली.

"दर दोन तासांनी वाटी दाराशी ठेवत जा," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, पोर उठू नये म्हणून. "आत यायचं काही कारण नाही."