उशीवरून दिसणारी नदी

पहिल्या हिवाळ्यात त्या खोलीतल्या उशीवर डोके टेकले, की खिडकीतून फक्त पलीकडचा डोंगर दिसत असे. काही वर्षांनी त्याच उशीवरून डोंगराच्या पायथ्याचा रस्ता दिसू लागला. शेवटच्या वर्षी नदी दिसली. एवढ्या काळात खिडकी बदलली नव्हती, पलंग जागचा हलला नव्हता आणि मधले एकही झाड कोणी तोडले नव्हते.

हे सगळे घर बघायला आलेल्या दोघी बहिणींना घरमालकानेच सांगितले. म्हातारा एकटा होता. घर विकून मुलाकडे जायचे त्याने ठरवले होते.

"बायकोला नदी बघायची फार हौस," तो म्हणाला. "उठता येईना तेव्हा वाटलं, राहिलंच ते. पण शेवटी नदीच वर आली तिच्यासाठी."

धाकटीने छताकडे पाहिले. ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती. दुकानदारांचे काटे तपासण्यात तिची सारी नोकरी गेली होती आणि कोणाच्या शब्दावर विसंबण्याची सवय तिला उरली नव्हती. थोरलीचे मात्र डोळे भरून आले. तिचे दुखणे हाडांत उतरले होते. डॉक्टरांनी औषधांबद्दल बोलणे कमी करून उशा आणि गाद्यांबद्दल बोलायला सुरुवात केली होती. शहरातल्या तिच्या खोलीच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती आणि भिंतीवरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप. "त्या पाइपाकडे बघत मला जायचं नाही," एवढेच तिने बहिणीला सांगितले होते. दोघी घर बघायला आल्या त्या त्यासाठी.

दारापासून पलंगापर्यंत थोरली कधी नव्हे ती सहज चालत गेली. काठीसुद्धा तिने नुसती हातात धरली होती.

"बघ, हवा मानवली," ती म्हणाली. "काका, जरा आडवी होऊ का?"

"व्हा की. घर आपलंच समजा."

"अजून समजायचं नाही," धाकटी म्हणाली.

थोरली खिडकीकडे पाय करून निजली.

"दिसते?" धाकटीने विचारले.

"सगळी. पुलापासून वळणापर्यंत." तिचा आवाज कित्येक महिन्यांत इतका हलका झाला नव्हता. "हेच घर. आता तुझी तपासणी-बिपासणी पुरे."

"सुरू तरी करू दे."

"स्थळ बघायला गेलो तेव्हाही तू मुलाची उंची मोजली होतीस."

"आणि ती दोन इंच खोटी निघाली होती."

म्हातारा हसला. धाकटी बहिणीच्या शेजारी, त्याच उशीवर, लहानपणीसारखी डोक्याला डोके लावून पडली. खिडकीच्या खालच्या कडेवर नदी खरोखरच दिसत होती, करड्या पट्टीसारखी. हवा स्वच्छ झाली म्हणावे तर हवेमुळे मधला आडोसा बाजूला होत नाही. उशी जाड झाली म्हणावे, तर वापराने उशी दबते. कारण कुठेतरी असणार, आणि ते खोलीबाहेर शोधायची गरज नाही, असे तिला वाटू लागले.

ती उठली आणि पलंगाच्या पायथ्याशी वाकली. खिडकीकडच्या दोन्ही पायांखाली फळ्यांचे तुकडे होते, एकावर एक. खालचा काळा पडला होता, वरचा अजून पिवळा होता.

"हे काय, काका?"

"ती पायाकडे घसरायची हो. पांघरुणासकट. जमिनीच्या फळ्या जुन्या, दबल्या असतील म्हणून मी तुकडे सारले."

"पहिला कधी?"

म्हाताऱ्याने आठवले. "रस्ता दिसायला लागला, त्या सुमारास."

कुठल्याही काट्यावर वजन ठेवण्याआधी काटा सपाटीवर आहे का ते पाहावे लागते. त्यासाठी धाकटीच्या पर्समध्ये एक छोटी गोल काचेची डबी असे. आत द्रव आणि एक बुडबुडा. तिने डबी पलंगाच्या कडेवर ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला. मग जमिनीवर ठेवली. बुडबुडा दाराच्या दिशेने पळाला आणि काठाला चिकटून बसला. खिडकीच्या कडेवर तेच झाले.

ती घराच्या मागे जाऊन आली. घरामागचा डोंगर आणि मागची भिंत यांच्यामध्ये जमिनीला लांबलचक भेग होती. ती सिमेंटने बुजवलेली होती, त्या सिमेंटला पुन्हा भेग होती आणि तीही बुजवलेली होती.

"घर दरीकडे कलतंय," आत येऊन ती म्हणाली. "हे आपण घ्यायचं नाही."

थोरलीने खिडकीवरची नजर काढली नाही. "किती टिकेल?"

"सांगता येत नाही. एखाद्या पावसात जाईल, नाहीतर आपल्या दोघींच्या मागेही उभं राहील."

"मला एक हिवाळा पुरे आहे गं."

"आणि मला? तुला कुशीवर वळवायला इथे राहणार कोण?"

थोरलीने हात पुढे केला. "उठव मला."

दारापर्यंतचा चढ तिला दोनदा थांबून चढावा लागला. दाराशी पोचल्यावर तिने मागे वळून पाहिले. उभ्याने नदी चांगली दिसत होती, पण तिचे दिवस आता उभ्याने जायचे नव्हते.

"काका, मुलाकडे आजच जा," धाकटी म्हणाली. "विक्रीचं नंतर बघा."

म्हातारा पलंगावर बसला आणि उशी सारखी करू लागला. "ती म्हणायची, नदी माझ्याकडे येतेय. मी हो म्हणायचो." त्याने धाकटीकडे पाहिले. "मग नदी दिसायला लागली कशी? नीट सांगा, बाई."

धाकटी क्षणभर घुटमळली. मग काट्यातला दोष दुकानदाराला सांगावा तशा आवाजात तिने सांगितले, कारण दुसरा आवाज तिला काढता येत नव्हता.

"दरीकडची भिंत खचतेय. तिच्याबरोबर खिडकी उशीच्या मानाने चार बोटं खाली गेली. जवळची कड चार बोटं खाली गेली, की लांबची शेतंच्या शेतं उघडी पडतात. आधी रस्ता दिसला, मग नदी. नदी होती तिथेच आहे, काका."