पूजेचा माल

नीलव्वाच्या नातीला, रेणुकेला, सातवा महिना लागला आणि तिची ओटी भरली, त्याच वर्षीच्या वैशाखात मुद्दनकोप्पचा डांबरी रस्ता गावाच्या तोंडाशी आला. उरला होता तो शेवटचा अर्धा मैल. तिथली माती काळी. पाऊस पडला की बैलाचं पोट टेकेल एवढा चिखल. दोन वर्षांपूर्वी रेणुकेला दवाखान्यात नेताना ट्रॅक्टर तिथंच रुतला आणि पहिलं मूल ट्रॉलीतच गेलं. आता त्या मातीवर खडीचा थर दाबून तयार होता. वर डांबर तेवढं पडायचं होतं.

विरूपाक्षप्पा हा रस्ते खात्याचा तपासनीस, आणि नीलव्वाचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला भाकरी भरवून वाढवला. तीस वर्षं तो एकच काम करत आला होता. डंपर आला की वर चढायचं, दांड्याचा थर्मामीटर मालात खुपसायचा, आकडा वहीत लिहायचा. डांबर घातलेल्या खडीच्या अंगात ताप आहे तोवरच ती एकमेकीला धरते. ताप उतरला की वरून कितीही रोलर फिरवा, ती परक्या माणसांसारखी शेजारी शेजारी पडून राहते.

आदल्या दिवशी त्यानं गावच्या संगनगौडाला हात जोडून सांगितलं, "गौडा, उद्या गाड्या आल्या की आधी माल पसरू द्या. पूजा मागून करा. रोलरची करा, हवी तर माझी करा. पण मालावरची ताडपत्री काढू नका."

गौडा हसला. "साहेब, पोर शाळेत गेल्यावर बारसं करतात का?"

"बारशाला उशीर झाला तर पोर नासत नाही, गौडा. हे नासतं."

"बरं बरं. बघू."

हे 'बघू' विरूपाक्षप्पाला तीस वर्षांत पाठ झालं होतं.

सकाळी डांबराच्या प्लांटवर तीन डंपर भरले तेव्हा तो तिथं उभा होता. एकशे अठ्ठावन्न डिग्री. ताडपत्र्या त्यानं स्वतः ओढून बांधल्या. नमुन्याचे डबे भरून, त्यांवर चिठ्ठ्या लावून तो मोटरसायकलवर निघाला आणि गाड्यांच्या मागून पाऊण तासानं गावात पोचला. बघतो तर तिन्ही डंपर द्यामव्वाच्या देवळासमोर ओळीनं उभे. ताडपत्र्या घडी करून खाली ठेवलेल्या. मालावर झेंडूच्या माळा, आणि पुजारी शिडीवर चढून तांब्यातलं हळदीचं पाणी त्यावर शिंपडतोय.

मुद्दनकोप्पात द्यामव्वासमोरून झाकलेलं काही जात नाही. नवी नवरीसुद्धा तिथं पदर मागं घेते. धान्याचं पोतं असलं तर तोंड सोडतात. आता डांबराचा माल तेवढा झाकून कसा न्यायचा?

"अरे घाला त्या ताडपत्र्या! घाला आधी!" तो गाडी उभी न करताच ओरडला.

"नारळ फुटल्याशिवाय घालता येत नाही, साहेब," डंपरवाला म्हणाला. "आणि नारळ पुढारी फोडणार. ते निघालेत म्हणे."

"कुठून निघालेत?"

"ते काही कळलं नाही."

पुढारी आले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. अडीच तास गेले होते. नारळ फुटला, भाषण झालं, भजी आणि चुरमुऱ्यांची मंडक्की वाटली. पुढारी विरूपाक्षप्पाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "रस्ता पक्का झाला पाहिजे हं, साहेब!" आणि गाडीत बसून गेले.

विरूपाक्षप्पा डंपरवर चढला. मालातून धूर निघत नव्हता. वरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडक झालेला. कडेला थर्मामीटर खुपसला, ब्याऐंशी. मध्ये खोल खुपसला, एकशे नऊ. दुसरा डंपर तसाच. तिसरा त्याहून वाईट. त्यानं तिन्ही आकडे लिहिले आणि खाली 'परत' असं लिहिलं.

ठेकेदाराचा मुकादम सुब्बराजू धावत आला. "अहो, पोटात गरम आहे ना! माल पसरायच्या पेव्हरमध्ये टाकला की सगळं एक होईल."

"गोळे पडतील. दुसरा माल मागव. पेव्हर संध्याकाळपर्यंत आहे."

"प्लांट बारालाच बंद झाला. भट्टी पुन्हा पेटवायला चार तास. आणि पेव्हर भाड्याचा आहे, साहेब, सूर्य मावळला की हुबळीला चालला. मग पावसाळा सरल्यावरच येणार. सही करा. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना!"

त्यानं इंजिनियरला फोन लावला. इंजिनियर म्हणाले, "तुम्ही जागेवर आहात, तुम्हीच ठरवा. माझं नाव मात्र मध्ये आणू नका."

तोवर गाव गोळा झालं. कुणी म्हणालं, "देवीनं पास केला तो माल हा नापास करतो!" कुणी म्हणालं, "ह्याच्या थर्मामीटरलाच ताप आलाय." आणि मग गर्दी बाजूला सरली. रेणुकेला हाताशी धरून नीलव्वा येत होती.

"तम्मा," ती धाकट्या भावाला हळू म्हणाली, "काय अडलंय?"

"अक्का, माल थंड झालाय. आज घातला तर पहिल्या पावसात उखडेल. खाली पाणी शिरेल आणि दाबलेली खडीसुद्धा जाईल. आहे तसा ठेवला तर खडीवरून जीप जाईल. हाडं खिळखिळी होतील, पण जाईल."

"हिचं एक पोर त्या मातीत गेलं. ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे म्हणूनच म्हणतोय!"

"काळा रस्ता डोळ्यांसमोर उभा आहे, आणि तू मला खडी दाखवतोस." तिनं त्याच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. "एका सहीचं काम. मी तुझ्याकडं काही मागितलंय का आजवर?"

नव्हतं मागितलं. त्याला हळदीच्या पाण्याचा, अडीच तासांचा, त्या 'बघू'चा राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. त्यानं वही मिटून खिशात घातली.

नीलव्वा वळली आणि गेली. पुन्हा मागं पाहिलं नाही.

पूजेचा माल गावानं परत जाऊ दिला नाही. घमेल्यांनी वाहून देवळाच्या अंगणात पसरला, वर दगडी रूळ फिरवला. ज्येष्ठात दोन पाऊस पडले आणि अंगणातली खडी फुटाण्यासारखी सुटी झाली. अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका कळवळू लागल्या. विरूपाक्षप्पा गौडाला म्हणाला, "बघितलंत?"

"बघितलं," गौडा म्हणाला. "भरल्या मालाला तुमची नजर लागली."

आषाढात, धो धो पावसात, रेणुकेला कळा सुरू झाल्या. जीप त्या अर्ध्या मैलावर उड्या मारत गेली, पण कुठं रुतली नाही. तालुक्याला मुलगी झाली, दोघी सुखरूप. द्यामव्वानं तारलं, असं गावानं म्हटलं. नीलव्वानंही तेच म्हटलं. विरूपाक्षप्पा बाळ बघायला गेला तेव्हा तिनं त्याचं ताट वाढलं, पण रेणुकेच्या हाती पाठवलं. दुसरी भाकरी हवी का, हेही रेणुकेनंच विचारलं.

माघात पेव्हर पुन्हा आला. ह्या वेळी गौडानं पूजा रोलरची केली, आणि ही कल्पना आपलीच असं चार लोकांत सांगितलं. पहिल्या डंपरला एकशे एकोणपन्नास भरले. विरूपाक्षप्पानं आकडा लिहिला, सही केली, आणि बहिणीच्या दारापर्यंत तापलेल्या रस्त्याच्या कडेकडेनं चालत गेला. दार रेणुकेनं उघडलं.

नीलव्वानं तो रस्ता पाहिला नाही. कार्तिक वद्य पंचमीला, मंगळवारी सकाळी, चुलीपुढं बसल्या जागी ती वारली.