ध्रुवावरचा वारा कुणाचा?

घराला रंग लावत होते आणि त्या वासाने मला खोकल्याची उबळ येई, म्हणून लेकीने मला ऑफिसात नेऊन बसवलं. उपग्रहाने पाठवलेले आकडे तपासणं हे तिचं काम. विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर हवा अगदी विरळ असते, पण ती अंधुक उजळते. वारा वाहिला की त्या उजेडाचा रंग केसभर सरकतो, आणि त्यावरून वाऱ्याचा वेग काढतात. ध्रुवावर तिला असा जबरदस्त वारा सापडला होता की तिचे साहेब मानायलाच तयार नव्हते. काहीही नवं निघालं की ते आधी थांबवत, म्हणून ऑफिसात त्यांना सगळे ब्रेक म्हणत.

साहेबांचं म्हणणं, तो वारा नव्हेच; उपग्रहाचा स्वतःचा वेग हिशेबात शिल्लक राहिलाय. संध्याकाळी अहवाल जायचा होता, त्यातून ते हा वारा वगळणार होते. लेक कित्येक महिने त्याच्याच मागे होती.

माझ्या डोक्यात काही शिरेना. ती म्हणाली, "बाबा, धावत्या बसमधून हात बाहेर काढला की वारा लागतो ना? रस्त्याकडेचं झाड मात्र ढिम्म असतं."

"मग झाडालाच विचार की."

"तिथे वर झाड कुठून आणू?"

पण त्या दिवशी उपग्रह पाठमोरा व्हायचा होता. त्याच्या एका बाजूला ऊन लागू नये म्हणून अधूनमधून त्याला फिरवतात. वारा नुसता हिशेबातला असेल तर तोही उलटा दिसेल. खरा असेल तर दिशा सोडणार नाही.

लेकीचा डबा तसाच राहिला. साहेब, मला काही घाई नाही असं म्हणत, खुर्ची ओढून बसले. एवढ्या वाऱ्यात टोपी राहील का, असं मी विचारलं. ते हसले आणि म्हणाले, काका, तिथली हवा इतकी विरळ की तो वारा गालालासुद्धा कळायचा नाही.

आकडे आले. वारा उलटला नव्हता, पण बराच उतरला होता.

"थोडा वेग आपल्या उपग्रहाचाच होता, साहेब," लेक म्हणाली. "तुमचं बरोबर होतं."

"आणि बाकीचा?"

"तिथला."

आधी उपग्रहाचा वेग वाऱ्यात मिळवला गेला होता, आता तेवढाच वजा झाला होता; म्हणून साहेबांनी आधीच्या आणि आताच्या आकड्यांच्या बरोबर मधला आकडा धरायला सांगितला. तेवढा जोराचा वाराही त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. "लिही," ते म्हणाले, "वगळायचा नाही."

वारा कमी भरला म्हणून लेक हिरमुसेल असं मला वाटलं. ती तर विचारत होती, मग त्याला एवढं ढकलतंय कोण? साहेबांनाही ठाऊक नव्हतं. दोघं एकाच पडद्यावर वाकले, आणि मला चहा द्यायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.